अर्धा टाय आणि हॉइटचा हात

लिलावात बोली कशी लावावी हे शिकायचं असेल, तर ते व्हर्जिल स्टॅन्सिलकडून शिकावं, असं आमच्या टायटसव्हिलमध्ये एकाच माणसाचं ठाम मत होतं. तो माणूस म्हणजे खुद्द व्हर्जिल स्टॅन्सिल. नदीपलीकडे केपवर यानं उडवायचा तळ आहे, तिथून हा निवृत्त झालेला. लिलाव पैशावर नाही, चेहऱ्यावर जिंकतात, असं तो भेटेल त्याला सांगे. "मी तीस वर्षं केपवर कन्सोलसमोर बसलोय. लाल दिवा लागो नाहीतर हिरवा, माझ्या चेहऱ्यावरची माशी हलत नसे." यावर त्याची बायको नेडीन म्हणे, की माशी हलत नसे कारण हा झोपलेला असे.

या न हलणाऱ्या माशीच्या जोरावर व्हर्जिलने निवृत्तीनंतर जे जे घरात आणलं, त्याने मोटारीला गॅरेजबाहेर काढलं. कुठल्याशा जुन्या यानाची झडप, नियंत्रण कक्षातल्या तीन खुर्च्या (बसायची एकच, बाकीच्यांना पाय नाहीत), प्रक्षेपण मंचाच्या कुंपणाची तार, आणि एक रबरी चकती, जी अवकाशात जाऊन आली असं तो छातीठोक सांगे. नेडीन ती चकती लोणच्याच्या बरणीचं झाकण उघडायला वापरी. उष्णतारोधक फरशीचा एक तुकडा होता, त्यावर ती गरम पातेलं ठेवी. व्हर्जिलचा जीव तीळतीळ तुटे. पण पातेल्याखालचं टेबल कधी तापलं नाही, हेही खरं.

शेवटी वसंतात कधीतरी व्हर्जिल एक अख्खा दरवाजा घेऊन आला. कुठला दरवाजा ते विचारू नका, तो कशालाच लागत नव्हता. तेव्हा नेडीनने कमरेवर हात ठेवून हुकूम काढला, "यापुढे केपवरचा एक खिळा जरी या घरात आला, तर मी जॉर्जियाला बहिणीकडे निघून जाईन. मग बस त्या खिळ्याबरोबर संसार करत." व्हर्जिलने मान डोलावली. पन्नास वर्षांच्या संसारात तो एवढं नक्की शिकला होता, की कमरेवर एक हात असेल तर वाद घालता येतो, दोन असतील तर घालू नये.

आणि नेमकं त्यानंतर मासेमारी क्लबच्या हॉलमध्ये लिलाव होणार असल्याचं पत्रक आलं. केपवरच्या कोणा जुन्या माणसाच्या मागे राहिलेलं सामान त्याची मुलं काढत होती. व्हर्जिल न्हाव्याकडे बसला होता, अर्धं डोकं झालं होतं, पत्रकाची पानं सहज उलटत होता. एका फोटोपाशी आला आणि ओरडलाच. न्हाव्याला वाटलं कान कापला. त्या बिचाऱ्याने आधी कान तपासला, मग दुसरा तपासला.

फोटो होता अर्ध्या टायचा. खालचा, रुंद, टोकाचा अर्धा भाग. मोहरीच्या रंगाचं कापड, त्यावर बशीएवढाली नारिंगी फुलं. खाली लिहिलं होतं: 'पहिल्या प्रक्षेपणाच्या विधीत कापलेला टाय. मालक अज्ञात. धाडसी रंगसंगती.'

मालक अज्ञात कसला, न्हाव्याच्या खुर्चीत बसला होता!

आता या टायची गोष्ट सांगायला हवी, कारण ती ठाऊक नसलेला माणूस स्टॅन्सिलांच्या घरात जेवायला गेला तरी पहिल्या घासाला त्याला ती ऐकावी लागते. केपवर एक रीत होती. एखाद्याने आयुष्यात पहिल्यांदा काउंटडाउन चालवला आणि यान नीट वर गेलं, की सगळे मिळून त्याचा गळ्यातला टाय कात्रीने कापत. कापलेला तुकडा नियंत्रण कक्षाच्या भिंतीवर लागे, आणि मग उसळ आणि मक्याचा पाव अशी मेजवानी होई. ही उसळ म्हणजे पांढऱ्या घेवड्याची, मोठमोठ्या पातेल्यांत शिजवलेली. राजाच्या पंगतीतही कोणी इतक्या आनंदाने जेवलं नसेल.

चाळीस वर्षांपूर्वी व्हर्जिलची ही पाळी आली. त्या दिवसासाठी नेडीनने त्याला स्वतःच्या हाताने टाय शिवला. आयुष्यातला पहिला आणि शेवटचा. स्वयंपाकघराच्या पडद्याचं कापड उरलं होतं, त्यातला. तो घालून व्हर्जिल खिडकीपाशी उभा राहिला, तर गळ्यापासून पट्ट्यापर्यंत पडद्यात विरघळून गेला. पण गेला तोच घालून. यान वर गेलं, टाय खाली आला. संध्याकाळी व्हर्जिल घरी परतला तेव्हा गळ्यात गाठ आणि वीतभर शेंडी उरली होती, सदऱ्यावर उसळ सांडली होती आणि चेहरा लग्नातल्यापेक्षाही खुश होता. नेडीनने त्या शेंडीकडे बघितलं. काहीच बोलली नाही.

ते 'काहीच बोलली नाही' त्या दिवसापुरतं. त्यानंतर चाळीस वर्षं ती त्यावरच बोलत होती. व्हर्जिल दूध आणायला विसरला, की "ज्या माणसाने बायकोने शिवलेला टाय हसत हसत कापू दिला, त्याच्या लक्षात दूध कसं राहणार?" गवत कापायचं राहिलं, की "टाय कापायला वेळ होता." त्यांची मुलगी जन्मली तेव्हा तो टाय शिवलाही नव्हता, तरी मुलीच्या लग्नातही त्याचा विषय निघाला.  वरची शेंडी व्हर्जिलने मोज्यांच्या खणात जपून ठेवली होती, आणि घरात उगाच शांतता पसरली की तो खण उघडून तिच्याकडे बघे.

आणि आता खालचा अर्धा सापडला होता. लग्नाचा पन्नासावा वाढदिवस आठवड्यावर आला होता. नदीकाठच्या हॉटेलात साठ माणसांचं जेवण ठरलं होतं, भरपूर कोळंबी, वाजंत्री, सगळं. व्हर्जिलच्या डोक्यात चित्र उभं राहिलं: तो हॉटेलच्या दारातून आत येतोय, गळ्यात तोच टाय, जोडलेला, अख्खा. नेडीनच्या डोळ्यांत पाणी. चाळीस वर्षांचं बोलणं संपलं. न्हावी म्हणाला, उरलेलं अर्धं डोकं करू का? पण व्हर्जिल तोवर रस्त्यावर पोचला होता.

अडचण एकच होती. तो हॉलमध्ये दिसला असता, तर नेडीनला बातमी मिळायला टपालाच्या तिकिटाचीही गरज नव्हती. क्लबच्या हॉलमधली निम्मी माणसं तिच्याबरोबर चर्चमध्ये गायची आणि उरलेली निम्मी गाणाऱ्यांशी लग्न करून बसली होती. म्हणून त्याने हॉइटला गाठलं.

हॉइट मॅक्लेंडन हा त्याचा जुना दोस्त, केपवर यानं जोडायच्या त्या अवाढव्य इमारतीत क्रेन चालवायचा. त्याचा हात म्हणजे गावात दंतकथा होती. क्रेनवाल्यांची परीक्षा अशी असे, की आकड्याला टनावारी वजन टांगायचं आणि ते खाली आणून कोंबडीच्या अंड्याला टेकवायचं, अंडं फुटता कामा नये. हॉइटचं अंडं फुटलं नाही एवढंच नव्हे, तर तो ते नंतर तळून खायचा. गडी सरळ, इमानी, सांगितलेलं काम सांगितल्याबरहुकूम करणारा. स्वतःचं डोकं मध्ये घालायचं नाही, हे क्रेनवाल्याचं पहिलं तत्त्व, आणि हॉइटने ते निवृत्तीनंतरही सोडलं नव्हतं.

बेत असा ठरला. हॉइट आत बसेल, कानात इअरफोनचं बोंडूक खुपसून. व्हर्जिल बाहेर वाहनतळावर आपल्या ट्रकमध्ये, खिडकीच्या खाली डोकं घालून. तो सांगेल तसं हॉइट नंबराची पाटी वर करेल.

"शब्द कुठले वापरायचे?" हॉइटने विचारलं.

"आपलेच. गो म्हणालो की पाटी वर. होल्ड म्हणालो की होल्ड."

"होल्ड म्हणजे होल्डच ना?"

"मग काय? तीस वर्षं आपण दुसरं काय म्हणत होतो?"

दोघांनी हात मिळवले. आयुष्यभर वापरलेला शब्द, त्याचा अर्थ काय विचारायचा? इथेच घोडं पेंड खाणार होतं, पण घोड्याला आणि दोघांनाही त्याचा पत्ता नव्हता.

शनिवारी सकाळी नेडीन नवी नारिंगी टोपी घालून तयार झाली. चर्चमध्ये गाण्याची तालीम आहे, मैत्रीण न्यायला येतेय, दुपारपर्यंत परत येईन, असं तिने सांगितलं. व्हर्जिल म्हणाला, आरामात ये, मी गवत कापत बसतो. इतक्या प्रेमाने म्हणाला, की तिने एकदा वळून बघितलं. पण त्याच्या चेहऱ्यावरची माशी हलली नाही.

थोड्या वेळाने तो क्लबच्या वाहनतळावर ट्रकमध्ये आडवा झाला होता. हॉइटचा आवाज फोनमध्ये कुजबुजत होता. आतली बातमी चांगली होती. लिलाव पुकारणारी डार्ला झरझर वस्तू काढत होती. हेल्मेटं गेली, बिल्ले गेले, कुणा अंतराळवीराने सही केलेला कागदी रुमाल ज्या भावाला गेला, त्यात आमच्याकडे नवा फ्रिज येतो. मग अर्धा टाय निघाला. हॉलमध्ये हशा पिकला, असं हॉइटने इमानेइतबारे कळवलं. डार्लाने चाळीस डॉलरने सुरुवात केली.

"गो," व्हर्जिल म्हणाला.

हॉइटने पाटी वर केली. ओहायोहून आलेल्या एका टक्कलवाल्या संग्राहकानेही केली. त्याला टायशी काही देणंघेणं नव्हतं. पण केपचा जुना क्रेनवाला कानात बोंडूक घालून, कोणाच्या तरी हुकमावर बोली लावतोय म्हटल्यावर त्याला वाटलं, हा टाय नक्की चंद्रावर जाऊन आलेला असणार. व्हर्जिलने दोन-तीनदा गो म्हटलं, आणि टक्कल गळपटलं. व्हर्जिलने ट्रकच्या छताकडे बघून स्मित केलं. लिलाव चेहऱ्यावर जिंकतात, आणि हा तर चेहरा न दाखवताच जिंकला होता.

"थांब, मागून कोणीतरी बोली लावली," हॉइट कुजबुजला.

"कोण?"

"काय माहीत. बाईचा आवाज आहे."

"मागे वळून बघ ना, लेका."

"भार आकड्याला असताना मागे वळायचं नसतं," हॉइट म्हणाला. तो डार्लाकडेच बघत राहिला, जसा आयुष्यभर खालून खुणा करणाऱ्याकडे बघत आला होता.

व्हर्जिल चिडला. कोण ही बया? माझ्या बायकोने शिवलेला, माझ्या गळ्यातला टाय हिला कशाला हवा? गो, गो, गो, असा त्याने सपाटाच लावला. बाई हटेना. दोनशे झाले, पाचशे झाले. हॉलमध्ये आता कोणी हसत नव्हतं. टक्कलवाला म्हणे घामाघूम होऊन आपण चूक तर केली नाही ना याचा विचार करत होता. भाव हजाराच्या आसपास गेला तेव्हा व्हर्जिलला राहवेना. तो ट्रकमधून उतरला, वाकून वाकून हॉलच्या भिंतीशी गेला, आणि कुंडीवर चढून खिडकीच्या फटीतून आत डोकावला.

शेवटच्या रांगेत नारिंगी टोपी होती. टोपीखाली नेडीन होती. नेडीनच्या हातात नंबराची पाटी होती, आणि ती वर होती.

व्हर्जिलच्या चेहऱ्यावरची माशी, जी तीस वर्षं बसली होती, ती त्या क्षणी उडाली आणि परत आली नाही.

नवरा-बायको एकाच बँकेतल्या एकाच खात्यातले, एकाच कोळंबीच्या जेवणाचे पैसे एकमेकांच्या विरुद्ध लावत होते! आत जावं तर बेत फुटतो, आणि वर जॉर्जिया. न जावं तर दोघं मिळून आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतोय, तोही दरवेळी थोडा मोठा. व्हर्जिलने फोन तोंडाशी धरला आणि म्हणाला, "होल्ड, हॉइट. होल्ड."

कन्सोलवाल्याच्या भाषेत होल्ड म्हणजे थांब. घड्याळ थांबतं, सगळे हात मागे घेतात, पुढचा शब्द येईपर्यंत कोणी कशाला शिवत नाही. काउंटडाउन चालवणाऱ्या माणसाला दुसरा अर्थ स्वप्नातही सुचणार नाही.

पण क्रेनवाल्याच्या भाषेत होल्ड म्हणजे भार आहे तिथेच टांगता ठेव. केसभर वर नको, केसभर खाली नको. खाली आणलास तर माणसं मरतील. आणि होल्ड आला तेव्हा हॉइटची पाटी वर होती.

ती वरच राहिली. डार्लाने नेडीनची नवी बोली घेतली, हॉइटकडे बघितलं, पाटी वर. पुढचा आकडा सांगितला. नेडीनने तोही ओलांडला. हॉइटची पाटी वर. व्हर्जिल खिडकीतून बघत होता आणि फोनमध्ये फुसफुसत होता, "होल्ड म्हटलं ना. अरे होल्ड!" आणि जितक्या वेळा तो होल्ड म्हणे, तितका हॉइटचा हात लोखंडासारखा ताठ होई. कपाळावर घाम आला, पण हात हलला नाही. डार्लाला वाटलं, या म्हाताऱ्याने शेत विकलंय. ती म्हणालीसुद्धा, "हॉइटकाका, पाटी खाली घेतलीत तरी चालेल, मी बोली धरलीय." हॉइट तिला म्हणाला, की हुकूम आल्याशिवाय तो खाली घेऊ शकत नाही. हॉलने टाळ्या वाजवल्या.

भाव दीड हजाराच्या पुढे गेला. कोळंबी गेली, पाठोपाठ वाजंत्री गेली. व्हर्जिलने ठरवलं, जॉर्जिया तर जॉर्जिया. तो कुंडीवरून उतरला (कुंडी फुटली), दाराकडे धावला, दार ढकललं.

आणि त्याच वेळी आतून कोणीतरी म्हणालं, "गेलं!"

आमच्या गावाची एक खोड आहे. हल्ली दोन-चार दिवसांआड केपवरून काहीतरी उडत असतं, त्यामुळे तारीख-वेळ कोणी लक्षात ठेवत नाही. पण उडालं, की हातातलं टाकून सगळे बाहेर येतात. दातांचा डॉक्टर पेशंटचं तोंड उघडं ठेवून येतो. गेल्या वर्षी एका अंत्यविधीला पाद्रीबुवा 'मातीला माती' म्हणता म्हणता अंगणात गेले, आणि घरचे लोकही, कारण गेलेल्या माणसाने स्वतः तेच केलं असतं. तेव्हा लिलावाचं काय घेऊन बसलात? हॉलमधली शंभर माणसं उठली आणि दाराकडे लोटली. आत शिरणारा व्हर्जिल त्या लोंढ्यात उलटा वाहत वाहनतळाच्या मधोमध येऊन पडला. डार्ला हातात हातोडा घेऊन आली. टक्कलवाला आला. नारिंगी टोपीही आली.

नदीपलीकडून उजेडाची रेघ वर चढत होती. शंभर माना आभाळाकडे होत्या. दोनच माना एकमेकींकडे होत्या.

"तू तर गवत कापत होतास," नेडीन म्हणाली.

"तू तर गात होतीस," व्हर्जिल म्हणाला.

तेवढ्यात मागून आवाज येऊन पोचला, तो नेहमीचा, छातीच्या फासळ्या हलवणारा. मग दोघंही बराच वेळ तोंडं हलवत होते आणि कोणालाच काही ऐकू येत नव्हतं. नेडीन पाटी नाचवत बोलत होती. व्हर्जिल फोन नाचवत बोलत होता. नेडीनने फोनकडे बघितलं, हॉलकडे बघितलं, पुन्हा फोनकडे बघितलं. गडगडाट ओसरला तेव्हा तिचं वाक्य शेवटाला आलं होतं: "...तो आत हात वर करून बसलेला गाढव तुझा आहे?"

दोघं दाराकडे पळाले. पण डार्ला त्यांच्या आधी आत पोचली होती. तिला पुढच्या वस्तू संपवायच्या होत्या. हॉलमध्ये एकच माणूस होता. हॉइट. एकटा, सरळ बसलेला, पाटी वर. खिडक्यांची तावदानं हलली, खुर्च्या थरथरल्या, आयुष्यभर ज्यासाठी राबला ते त्याच्या पाठीमागून आभाळात गेलं, पण भार आकड्याला होता म्हणून तो बाहेर आला नाही. डार्लाने विचारलं, मागच्या बाई कुठे आहेत? मागच्या बाई दारात धापा टाकत होत्या. एक वार, दोन वार, तीन वार, आणि हातोडा हॉइटच्या नावावर पडला.

व्हर्जिल हॉइटजवळ गेला. हॉइट पुढेच बघत होता. "काय करून बसलास, बाबा?" व्हर्जिलने विचारलं.

"तू होल्ड म्हणालास. मी केलं. भार पडला का? नाही पडला." मग खालच्या आवाजात, "आता खाली घेऊ का? खांदा गेलाय."

"घे," व्हर्जिल म्हणाला, आणि हॉइटने पाटी इतक्या हळुवारपणे टेबलावर टेकवली, की तिथे अंडं असतं तरी वाचलं असतं.

दोघं ट्रकने घरी निघाले. दोघांच्या मध्ये, काचेच्या चौकटीत, अर्धा टाय बसला होता, गरगरीत नारिंगी फुलं वर करून. नदीकाठचं हॉटेल आलं आणि मागे गेलं. दोघांनीही तिकडे बघायचं टाळलं.

शेवटी व्हर्जिललाच राहवलं नाही. त्याने सगळं सांगून टाकलं. दारातून येणार होतो, टाय जोडून, तुझ्या डोळ्यांत पाणी वगैरे. मोज्यांच्या खणातली शेंडीही कबूल केली. "चाळीस वर्षं ऐकतोय, नेडीन. मला वाटलं, एकदा हा अख्खा झाला, की तू मला माफ करशील."

 नेडीन म्हणाली, "ते दिवस आठवतात? तू पहाटे जायचास, मी झोपल्यावर यायचास. मी तुला झोपलेलाच बघायचे. म्हणून तो टाय शिवला. म्हटलं, निदान माझ्या स्वयंपाकघरातलं काहीतरी तिथे आत तुझ्या गळ्यात असेल. आणि तू परत आलास तो त्यांना तो देऊन, वर हसत. फार लागलं रे मला ते."

व्हर्जिलने गाडी बाजूला घेतली, कारण समोरचं नीट दिसत नव्हतं. म्हणाला, "मला माहीत नव्हतं."

"तुला कसं माहीत असणार? मी सांगितलंच नाही. पण ते पहिली दोन वर्षं." नेडीनने नाक पुसलं. "मग मला त्याचा उपयोग कळला."

"कसला उपयोग?"

"अरे, हुकमाचा एक्का होता तो माझा. कुठल्याही भांडणात टाकला की तू चीत. दूध असो, गवत असो, तुझी ती आई असो. मग पत्रकात फोटो बघितला. म्हटलं, याने हा आणला, जोडला, तर माझ्याकडे भांडायला उरतं काय? म्हणून आधी मीच घ्यायला आले होते. घेऊन सरळ शेगडीत घालणार होते."

 व्हर्जिलला हसू फुटलं, आणि नेडीनलाही. टायटसव्हिलच्या हमरस्त्याच्या कडेला दोन म्हातारी माणसं ट्रकमध्ये बसून इतकी हसली, की मागून आलेल्या पोलिसाने काच वाजवून सगळं ठीक आहे ना असं विचारलं. नेडीनने त्याला टाय दाखवला. तो घाईघाईने निघून गेला.

हॉटेल रद्द झालं, हे सांगायला नको. वाढदिवस मागच्या अंगणात झाला, कशालाच न लागणारा तो दरवाजा दोन लाकडी घोड्यांवर आडवा टाकून त्याचं टेबल केलं. कोळंबीऐवजी घेवड्याची उसळ आणि मक्याचा पाव. साठच्या साठ माणसं आली. केपवरचे जुने लोक उसळीचा वास आल्याबरोबर सगळे एकदम बोलायला लागले. हॉइट उजवा हात गळ्यात बांधून डाव्या हाताने जेवला.

टाय नेडीनने स्वतः जोडला होता. जोड दिसत होता, पण त्या फुलांपुढे जोडाकडे बघणार कोण? व्हर्जिल तो घालून स्वयंपाकघराच्या दारातून बाहेर आला, ताठ मानेने, जणू पुन्हा काउंटडाउन चालवायला निघालाय. त्याने नेडीनच्या डोळ्यांकडे बघितलं. पाणी होतं. अगदी ठरवल्याप्रमाणे.

नेडीन पुढे आली, त्याच्या गळ्यातली गाठ नीट केली, टायवरून हात फिरवला. मग पाहुण्यांकडे वळून म्हणाली, "पन्नास वर्षं हे यान हवेत आहे. कोणाला वाटलं नव्हतं, माझ्या आईला तर मुळीच नाही. तेव्हा रीत ती रीत." आणि तिने ॲप्रनच्या खिशातून शिवणाची मोठी कात्री काढली.

कचकन आवाज झाला. केपवरचे सगळे म्हातारे उभे राहिले आणि टाळ्या वाजवू लागले. व्हर्जिल गळ्यात गाठ आणि वीतभर शेंडी घेऊन उभा होता, सदऱ्यावर उसळ सांडली होती, आणि लग्नातल्यापेक्षाही खुश होता.

खालचा अर्धा आता स्वयंपाकघरात, पडद्याशेजारी लावलाय. परवा व्हर्जिल पुन्हा दूध आणायला विसरला. नेडीनने कमरेवर दोन्ही हात ठेवले, भिंतीकडे बघितलं आणि म्हणाली, "ज्या माणसाने भरल्या अंगणात बायकोला स्वतःच्या हाताने टाय कापायला लावला..."